सिरोंच्याच्या वाटेवर नंदाताईने बदललेलं चाक

सिरोंच्याला निघालोय म्हटल्यावर नागपुरात ज्याने त्याने एकच विचारलं, "तिकडं आहे तरी काय?" नदी आहे, मी म्हणायचे. जंगल आहे. आणि तिथं तुम्ही नाही, हे मनातल्या मनात म्हणायचे. दुबईच्या मॉलपुढे उभं राहून काढलेले फोटो दाखवणाऱ्यांना यापेक्षा जास्त समजावण्यात अर्थ नसतो.

गाडी माझी. जुनी छोटी हॅचबॅक, दिसायला गरीब पण कामाला चोख. सोबत माझी मोठी बहीण नंदाताई आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. ताई ब्लाउज शिवते. आमच्या भागातल्या कितीतरी नवऱ्या तिच्या हातचं घालून बोहल्यावर चढल्यात आणि तिचं घर त्याच दोन हातांवर चालतं. भाऊजींनी नोकरी सोडून प्रवासाचे व्हिडिओ काढायला घेतलेत. चॅनेलचं नाव सांगत नाही, उगाच बघणारे वाढतील.

ताईने गेल्या दिवाळीत लायसन्स काढलं. कापड आणायला, मापं घ्यायला तिला स्वतःच्या कमाईतून एक जुनी गाडी घ्यायची होती. संक्रांतीला सगळे तिळगुळाला जमले असताना भाऊजी मोठ्याने म्हणाले, "ज्या दिवशी एकटीने चाक बदलशील त्या दिवशी घे गाडी. तोवर नाव काढायचं नाही." सगळे हसले. ताईही हसली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाली, "मला शिकव." मी अंगणात तिच्याकडून चाक काढून घेतलं, लावून घेतलं, ते हाताला बसेपर्यंत. पण अंगणातलं भाऊजींच्या हिशेबात नव्हतं. "रस्त्यावर बदलून दाखव," म्हणे. त्यांनी स्वतः जन्मात चाक बदललेलं नाही, फोन करून माणूस बोलावलेला आहे. नाचता येईना त्याला अंगण वाकडं हे ऐकलं होतं, पण नाचणारीचंच अंगण वाकडं ठरवणारा हा पहिलाच.

मार्चच्या शेवटी निघालो. नागपूर ते चंद्रपूर रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. वरोऱ्याजवळच्या पंपावर मी चारही चाकांची हवा बघितली आणि डिकी उघडून स्टेपनीचीही बघायला सांगितली. त्यासाठी भाऊजींचा संसार उतरवावा लागला: घडीची खुर्ची, बर्फाचा डबा, ड्रोनची पेटी, दोन प्रकारचे दिवे. "अगं, स्टेपनीची हवा कोण बघतं?" ते चिडले. स्टेपनी दाबली तर मऊ लागली. हवा भरून घेतली. त्यांची खुर्ची मी परत डिकीत घेतली नसती, पण ताईने डोळ्यांनी विनवलं. तुम्ही निघणार असाल तर एवढं करा: जॅक, पाना आणि स्टेपनी या तीन गोष्टी हाताला लगेच लागतील अशा ठेवा. बर्फाचा डबा गाडी उचलत नाही.

चंद्रपुरात बस स्टँडजवळ लॉज घेतलं. साधी खोली, कूलर गर्जणारा, चादर स्वच्छ. बाहेर दुपारी ऊन असं होतं की माणसं सावली बघून रस्ता ओलांडत होती. तर्री पोहे चांगले मिळतात, पण सकाळी नऊनंतर जाऊ नका, तळाशी उरलेला तिखट गाळ वाढतात.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या हट्टापायी वाट वाकडी करून पोंभुर्ण्याला गेलो. तिथला व्हिडिओ म्हणे अजून कुणी काढलेला नाही. जाताना बांबू, साग आणि मधूनच लाल पळस, रस्ता अरुंद पण बरा. पोंभुर्ण्यात चहाच्या टपरीवर भाऊजींनी काठीला मोबाईल लावला आणि टपरीवाल्या बाईला म्हणाले, "ताई, लोकांना माहीतच नसलेली ही लपलेली जागा..."

"लपलेलं काई नाई जी इथी," बाई चहा गाळता गाळता म्हणाली. "स्टँडवर बोर्ड हाये. तुमाले दिसला नाई काऊन?"

मी तिला दोनदा चहा करायला लावला, नुसता तिचा आवाज ऐकायला.

तिथून गोंडपिपरी, मग आष्टीजवळ वैनगंगेचा पूल. नदी उन्हाळ्याची, वाळू जास्त आणि पाणी कमी. पुढे आलापल्लीपर्यंत लोहखनिजाचे ट्रक भेटतात आणि सगळी झाडं तांबडी झालेली असतात. ट्रकला ओलांडायची घाई करू नका. धुरळ्यात समोरचं दिसत नाही, आणि ज्याला दिसत नसतं तोच जोरात हॉर्न वाजवतो. आलापल्लीत मुक्काम केला. जेवणात भात, वरण, वांग्याची भाजी, पोटभर आणि स्वस्त. भाऊजींना पनीर हवं होतं.

आलापल्ली ते सिरोंचा हा खरा प्रवास. डांबर, खड्डे, कच्चं वळण, पुन्हा डांबर. पेट्रोल आलापल्लीतच भरा, मध्ये फोनला रेंज असेल हे धरून चालू नका. सकाळी लवकर निघालो. मोहाच्या झाडांखाली बायका खाली वाकून फुलं वेचत होत्या आणि सगळ्या जंगलाला गोड, जडसा वास होता. गाडी मी चालवत होते. ताई शेजारी, भाऊजी मागे, खिडकीतून मोबाईल बाहेर काढून.

एका चढणीच्या वळणावर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, ओळीने दगड मांडलेले. कुण्या ट्रकवाल्याची गाडी तिथं बंद पडली असणार. मागून येणाऱ्यांना समजावं म्हणून त्याने दगड लावले, गाडी सुरू झाल्यावर निघून गेला आणि दगड तसेच राहिले. आपला जीव वाचला की दुसऱ्याचा जीव जावो, ही आपल्या देशातली वाहतूक सुरक्षा. मी गाडी काढली, पण शेवटच्या दगडाने मागचं डावं चाक चिरलं. फट्ट आवाज झाला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली.

"थांबव, थांबव!" भाऊजी ओरडले.

वळणावर थांबायचं नसतं. मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही. चार दिवे लुकलुकत ठेवून मी गाडी अगदी हळू, रखडत पुढे नेली. चढ संपून रस्ता सरळ झाला आणि कडेला कडक मुरूम लागला तिथं थांबवली. रिम थोडी घासली असेल, घासू दे. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि सगळ्यांना उतरवलं.

ताईने पदर खोचला. माझ्याकडे बघितलं. मी चावी तिच्या हातात दिली.

"आता बघा," मी भाऊजींना म्हटलं.

"बघतो ना," ते म्हणाले आणि काठी रस्त्याकडेला रोवून त्यांनी मोबाईल सुरू केला. "मित्रांनो, आज एक ऐतिहासिक क्षण..."

ताईने त्यांच्या खुर्चीसकट सगळं डिकीतून उतरवून गवतात ठेवलं. तांबडा त्रिकोण मी मागे लांब नेऊन ठेवला. चाकाला अडसर लावायला दगड हवे होते आणि त्या मुरमात मुठीएवढे खडेच होते. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी कामाला उठले. "मी आणतो," म्हणून मागे वळणाकडे गेले आणि दोन मोठे, गोलसर दगड छातीशी धरून धापा टाकत आले. मला वाटलं, रस्त्यामधले ते ट्रकवाल्याचे दगडच उचलून आणले असतील, बरंच झालं. एक दगड त्यांनी पुढच्या उजव्या चाकाच्या पुढे, एक मागे, पायाने ठोकून बसवला.

ताईचं काम बघण्यासारखं होतं. जमिनीवर चाक टेकलेलं असतानाच तिने नट थोडे थोडे ढिले केले, पान्यावर पाय देऊन, साडी सावरत. गाडी उचलल्यावर नट ढिले करायला जाणारे शूरवीर पुष्कळ असतात. मग तिने जॅक गाडीच्या कडेखाली, खाच असते तिथंच लावला. खाली फळी ठेवली, जॅक मुरमात रुतू नये म्हणून. गाडी उचलण्याआधी स्टेपनी आडवी करून गाडीच्या पोटाखाली सरकवली. गाडी उचलली, फाटकं चाक काढलं आणि मग स्टेपनी बाहेर ओढून तिच्या जागी फाटकं चाक सरकवलं. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. भाऊजी कॅमेऱ्याला सांगत होते, "ही उगाच वेळ घालवते आहे."

एवढ्यात मोहफुलांच्या टोपल्या घेऊन दोघंजण रस्त्याने आले. एक वयस्क बाई आणि तिचा मुलगा, चाळिशीचा असेल. त्याने टोपली उतरवली. "मदत पाहिजे काय जी? मी लालसू, इथलाच हाव."

"नको भाऊ, होतंय," ताई म्हणाली. तिने स्टेपनी उभी केली होती आणि भोकं बोल्टांसमोर आणत होती.

त्याची आई मात्र पुढच्या चाकाजवळ उभी राहिली. तिने दगडाकडे बघितलं आणि गोंडीत काहीतरी विचारलं.

"आई म्हणून राह्यली, हे गोटे कुठून आणले?" लालसू म्हणाला.

"तिकडं वळणावर, झाडाखाली ढीग पडला होता," भाऊजी म्हणाले.

"पडला नाई जी. ठेवला हाये." त्याचा आवाज चढला नव्हता. "आमच्या पेनची, देवाची जागा हाये थे. रस्त्यानं जाणारा एक गोटा ठेवते, नाई तं झाडाची डगाल ठेवते, मंग पुढं जाते. आमच्या बापानं ठेवला, त्याच्या बापानं ठेवला."

भाऊजींना चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलंच होतं, पण लालसूनेच हात केला. "राहू द्या. आधी बाईचं काम होऊ द्या. मंग नेऊन ठेवा, झालं."

इतकं साधं होतं ते. देवाचा दगड आणि त्याला घाई नव्हती. घाई होती ती आमच्या भाऊजींना, कारण मोबाईल चालू होता. त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं, हात जोडले. "मित्रांनो, आमच्याकडून नकळत इथल्या आदिवासी बांधवांच्या श्रद्धेला धक्का लागला आहे. मी हा दगड सन्मानाने, याच क्षणी परत करतो." आणि वाकून ते दगड ओढायला लागले. दगड चाकाखाली घट्ट बसला होता. निघेना. तेव्हा त्यांनी बॉनेटला खांदा लावून गाडी मागे रेटली.

मी दुसऱ्या बाजूला होते. म्हातारीची किंकाळी मला आधी ऐकू आली, मग जॅकचा आवाज. गाडी हलली, जॅक आडवा झाला आणि मागची बाजू खाली बसली. स्टेपनी तिरकी होऊन गाडीच्या पत्र्याला धडकली. ताई मागे, गवतात पडली.

मी धावले तेव्हा ती बसलेली होती, दोन्ही हात समोर धरून, बोटं पसरून. ती मोजत होती. मी खाली बसून तिची बोटं माझ्या हातात घेतली. सगळी होती. एका नखाखाली रक्त होतं, तेवढंच. गाडीचा पत्रा जिथं स्टेपनीच्या डोक्यावर आपटला होता तिथं तिचे हात नव्हते, कारण चाक उचलताना तिने ते दोन्ही बाजूंना धरलं होतं. वरून नाही, खालून नाही. आणि गाडी पुरती जमिनीवर आली नव्हती, पोटाखालच्या फाटक्या चाकावर टेकली होती. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

म्हातारी ताईजवळ बसली. तिने ताईचे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि मग मान वर करून भाऊजींना एकच वाक्य बोलली.

"काय म्हणाल्या?" भाऊजींनी विचारलं. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"म्हणून राह्यली," लालसू म्हणाला, "गोटा तुमाले आत्ता मागतला कोनं?"

भाऊजींनी स्वतःच्या हाताने मोबाईल बंद केला. चॅनेल काढल्यापासून पहिल्यांदा.

लालसूने पाना उचलला, पण ताईने हात पुढे केला. "द्या भाऊ. माझंच राहिलंय." तिने दगड परत नीट ठोकून घेतला. जॅक पुसला, फळी पुन्हा बसवली, गाडी उचलली. आम्हा सगळ्यांना तिने रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं आणि आम्ही गेलो. स्टेपनी बसली. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आलटून पालटून आवळले. पोटाखालचं चाक काढलं, गाडी उतरवली आणि पुन्हा पायाचं वजन देऊन आवळले.

मग भाऊजी दगड उचलायला लागले. "गाडी मागे घेऊन या ना वळणापर्यंत. जड आहेत."

"वळणावर रिव्हर्स घेत नाहीत," ताई म्हणाली.

"निदान मोबाईल घेतो."

"गोटा दोन हातानं धरा लागते जी," लालसू म्हणाला. "मोबाईल कशात धरसान?"

एक एक करून त्यांना दोन खेपा झाल्या. म्हातारी सोबत गेली, कुठला दगड कुठं होता ते दाखवायला. लालसूने आणि मी रस्त्याच्या मधले ते ट्रकवाल्याचे दगड उचलून कडेला टाकले. भाऊजी परतले तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तसं बघितलं तर मध्ये गाडी पडली. म्हणजे अट पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही."

ताई आता स्टिअरिंगवर होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. पुढे एका गावाजवळ गाडी थांबवून तिने नट पुन्हा एकदा तपासले. नवं चाक थोडं चाललं की हे करायचंच असतं.

सिरोंचा फार सुंदर आहे, आणि ते तसंच राहो म्हणून मी जास्त सांगणार नाही. प्राणहिता गोदावरीला मिळते ती जागा संध्याकाळी बघा. बाजारात अर्धं बोलणं तेलुगूत चालतं. टायरच्या दुकानदाराने चिरलेल्या कडेवर बोट फिरवून "अय्यो" म्हटलं, त्याचं भाषांतर लागलं नाही. कडेला चिरलेलं टायर जोडता येत नाही, नवं घ्यावं लागतं. मिळतं, पण आवडीनिवडी ठेवू नका. नदीचा मासा आणि भात जिथं मिळेल तिथं खा.

त्या जेवणात ताई मध्येच पुन्हा बोटं मोजायला लागली. दिवसभर काही नव्हतं आणि आता एका घासाला ती दोनदा मोजायची. भात ताटात गार झाला. भाऊजी ते बघत होते. नंतर लॉजच्या व्हरांड्यात बसून त्यांनी मोबाईलमधला तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. माझ्या खोलीत त्यांचाच आवाज येत होता, "सन्मानाने, याच क्षणी," आणि मग ती किंकाळी. तो व्हिडिओ त्यांनी टाकला नाही. "आवाज नीट आला नव्हता," म्हणे.

परतताना चंद्रपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. भाऊजी कपाकडे बघत म्हणाले, "नंदा, घे तू गाडी. माझी हरकत नाही."

"तुम्हाला विचारलं कोणी?" ताई म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवलं. रागाने नाही, अगदी सहज म्हणाली.

गाडी आली. जुनी, पांढरी. भाऊजी सगळ्यांना सांगतात, "तिला चाक बदलायला मीच शिकवलं." सांगू देत. आपल्याकडे ज्याने नुसतं बघितलं त्याचाच सत्कार होतो.

लोक मला विचारतात, सिरोंच्याला जावं का? जा. नदीसाठी जा, मोहाच्या वासासाठी जा. रस्त्यात दगडांचा ढीग दिसला तर हळू व्हा, ठेवायचं असेल तर काही ठेवा, उचलू मात्र नका. माझ्याजवळ त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर ते मला परवा उमरेडच्या रस्त्यावर कळलं. ताईच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. दिवसाउजेडी, सपाट रस्ता, काही भीती नव्हती. मी पाना काढून दिला. ताईने तो हातात धरला, पण वाकली नाही. भाऊजी गाडीच्या पलीकडे, बॉनेटजवळ उभे होते, काहीच करत नव्हते, मोबाईलही खिशात होता.

"तिथं नको," ताई म्हणाली. "इकडे या. मला दिसाल असे उभे राहा."

ते आले, ती म्हणाली तिथं उभे राहिले. मग ती चाकापाशी बसली.